कापडाचं दुसरं टोक

स्नूकरच्या टेबलाला कापड लावायचं तर दोन माणसं लागतात. टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. एक जण एका टोकाला उभा राहून कापड खेचतो, दुसरा समोरच्या टोकाला ते धरून ठेवतो. खेचणाऱ्याला मिस्त्री म्हणतात. धरणाऱ्याला काही नाव नाही. मी तीसेक वर्षं धरणारी होते.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. क्लबातले, स्नूकर पार्लरवाले, खेळाडू, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. चारचौघांत मीही मिस्त्रीच म्हणायची आणि ते त्यांना आवडायचं. गेल्या चैत्रात ते गेले. संपादकांनी या अंकासाठी आमच्या कामाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मला खेळता येत नाही, मी आजवर एकही चेंडू मारलेला नाही. ते म्हणाले, मग जे येतं ते लिहा. मी सावकाश लिहिते. एकेका परिच्छेदाला दोन-दोन दिवस लागले आहेत.

बाहेरच्या माणसाला टेबल म्हणजे हिरवं कापड दिसतं. कापडाखाली दगड असतो. स्लेटच्या पाच जाड लाद्या एकीला एक भिडवून ठेवलेल्या असतात. त्यांच्या सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती सुकली की घासायची, इतकी की डोळे मिटून हात फिरवला तर सांधा सापडू नये. मग पाणसळ ठेवायची. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत लाद्यांखाली लाकडाच्या बारीक पाचरी ठोकायच्या. हे सगळं झालं की कापड.

कापड लोकरीचं असतं आणि त्याला लव असते. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ लागतं, उलटा फिरवला तर केस उभे राहतात, तसंच. टेबलाच्या एका टोकाला आडवी रेघ आणि अर्धवर्तुळ असतं, खेळ तिथून सुरू होतो. त्या टोकाला मिस्त्री टेबलाचं तोंड म्हणत. समोरच्या टोकाजवळ काळ्या चेंडूची जागा असते. लव तोंडाकडून काळ्याकडे वळलेली हवी. जोरात मारलेला चेंडू लवीला जुमानत नाही. पण हळू सोडलेला चेंडू लवीच्या विरुद्ध जात असेल, तर दमत आल्यावर तो सरळ राहत नाही, काळ्याच्या बाजूला किंचित वाकतो. हल्लीची कापडं पातळ आणि गुळगुळीत असतात, त्यांवर हे फारसं जाणवत नाही. जुन्या जाड कापडावर मात्र चांगल्या चांगल्यांना चकवा बसे. पुढच्या सगळ्या हकिगतीत एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

मी या कामात आले ती नोकरी न मिळाल्यामुळे. मराठी घेऊन एम.ए. झाले होते, कॉलेजांना अर्ज करत होते आणि उत्तरांची वाट बघत होते. मिस्त्रींचा जोडीदार उमरेडच्या खाणीत नोकरी लागून गेला. त्या आठवड्यात एका क्लबाचं काम होतं. मी त्यांचा डबा घेऊन गेले होते आणि कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले होते.

"वाचून राहिली का वं?" त्यांनी विचारलं.

"हो. काय हवंय?"

"पुस्तक ठेव आन् हे टोक धर जरा. निस्तं धराचं. खेचाचं नाही."

मी धरलं. नुसतं धरणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. समोरचा माणूस अंगातली सगळी ताकद लावून खेचतो आणि आपण केसभरही सरकायचं नाही. जरा सैल पडलं की कापडात लाट येते, आणि ती लाट पुढे वर्षभर खेळाडूंच्या तोंडी राहते. संध्याकाळी माझी बोटं मिटत नव्हती. मिस्त्री म्हणाले, "एम्मेवाली आहे, पन धरते चांगलं." मला एवढं सर्टिफिकेट कुठल्या प्राध्यापकाने दिलं नव्हतं.

कॉलेजांची उत्तरं आली नाहीत. लांबी सुकेपर्यंत दुसरं काही काम नसतं, तेवढ्या वेळात मी वाचत असे. आयुष्यातलं चांगलं वाचन मी लांबी सुकण्याच्या वेळात केलं आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. नागपुरात इतवारीत एका नव्या पार्लरच्या मालकाने आम्हाला बोलावलं. त्याच्या टेबलावरचे चेंडू हळू मारले की भलतीकडे वळत. त्याने आधी वास्तुवाल्याला दाखवलं होतं आणि टेबलावरच्या दिव्याला लिंबू-मिरची बांधली होती. मिस्त्रींनी टेबलाच्या चारी बाजूंनी फिरून शेवटी कापडावर गाल टेकला. ही त्यांची सवय होती. हाताला घट्टे पडतात, हात खोटं सांगतो, म्हणून गाल. तसेच वाकलेले असताना ते म्हणाले, "कापड उलटं लागलं गा."

"खालची बाजू वर लागली?" मालकाने विचारलं.

"नाही. वरची बाजू वरच आहे. डोकं पायाकडं झालं."

दुसऱ्या कुणीतरी लव उलट दिशेने लावून ठेवली होती. मालक रडकुंडीला आला, पुन्हा कापड लावायचं म्हणजे चार दिवस धंदा बंद. मिस्त्रींनी शिंप्याच्या खडूने मारलेली रेघ आणि अर्धवर्तुळ झटकून पुसलं आणि समोरच्या टोकाला नवं काढलं. टेबल तसंच, तोंड फक्त बदललं. चेंडू शहाण्यासारखे वागू लागले. लिंबू-मिरची मात्र मालकाने काढली नाही. म्हणाला, दोन्ही उपाय असू द्यावेत.

एकदा ऐन मे महिन्यात मोठी स्पर्धा होती. आयोजकांनी हॉलच्या चारी खिडक्यांना कूलर लावले. नागपूरचा मे, त्यांची तरी काय चूक. पण कूलरची हवा ओली असते आणि लोकर पाणी पिते. दुपारपर्यंत चेंडू चिखलातून चालल्यासारखे चालू लागले. मिस्त्रींनी जाऊन एकेक कूलर बंद केला. आयोजक धावत आले.

"मिस्त्री, पब्लिक भाजून निघेल."

"निघू द्या. टेबलाले पाणी पाजून राहिले तुमी. पब्लिक वाळल तं चालते, कापड भिजून नाही चालत."

पंच काळं जाकीट, बो आणि पांढरे हातमोजे घालून उभे होते. त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता आणि तो टेबलावर पडू नये म्हणून ते मान मागे टाकून गुण मोजत होते. प्रेक्षक रुमालांनी वारा घेत बसून राहिले. त्या सामन्याची आठवण अजूनही लोक काढतात. ती खेळाची असते की उकाड्याची, हे मी कधी विचारलं नाही.

पण मला ज्या सामन्याबद्दल लिहायचं आहे तो वेगळा.

जरीपटक्याचा हरीश नावाचा एक खेळाडू होता. आता सगळे त्याला हरीशभाई म्हणतात, तेव्हा नुसता हरीश. उंच, सडपातळ, कमी बोलणारा. आमच्या आवडत्या टेबलावर, शहरातल्या एका जुन्या क्लबाच्या टेबलावर, त्याची अंतिम फेरी होती. समोर जबलपूरचा एक अनुभवी खेळाडू. सामना शेवटच्या फ्रेमवर, म्हणजे शेवटच्या डावावर आला. हरीश पुढे होता. तो वाकला, नेम धरला, मारला, आणि सरळ उभा राहून त्याने उजवा हात वर केला.

बाहेरच्यांसाठी सांगते. या खेळात आपली चूक आपण सांगायची असते. चेंडूला बाही लागली, क्यू म्हणजे खेळायची काठी घासली, पंचाने पाहिलं नसलं तरी खेळाडू हात वर करतो आणि फाउल कबूल करतो. हरीशची बाही एका लाल चेंडूला लागली होती. पंचांनी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. गुण समोरच्याला गेले, पाळी गेली आणि टाळ्या हरीशला मिळाल्या. मी भिंतीशी उभी होते. एवढ्या वर्षांत खेळाबद्दल आदर वाटावा असं मी जे पाहिलं, त्यात तो वर गेलेला हात पहिला.

त्या फाउलमुळे शेवटी हरीशला गुलाबी आणि काळा दोन्ही चेंडू घालणं भाग पडलं. गुलाबी काळ्याच्या बाजूला होता, तो मधल्या पॉकेटात, म्हणजे लवीच्या विरुद्ध, घालायचा होता. क्यूने मारायचा तो पांढरा चेंडू पुढच्या काळ्यासाठी जागेवर राहावा म्हणून त्याने गुलाबी हळू सोडला. चेंडू पॉकेटाच्या दिशेने निघाला. शेवटच्या वीतभर अंतरात तो वाकला, पॉकेटाच्या कडेला लागला आणि तिथेच थांबला. जबलपूरच्या खेळाडूने उरलेलं काम केलं.

हरीश टेबलाकडे बघत राहिला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, टेबल झुकलेलं आहे."

मिस्त्री पाणसळ घेऊन आले. गुलाबी चेंडूची वाट जिथून होती तिथे त्यांनी ती ठेवली. बुडबुडा मधोमध उभा राहिला. "पाहून घ्या," ते म्हणाले. हरीशने पाहिलं नाही. क्यू पेटीत ठेवला आणि निघून गेला.

एखाद्या भांडखोर माणसाने हे म्हटलं असतं तर लोक हसून विसरले असते. पण ज्याने कुणी न पाहिलेला स्वतःचा फाउल हात वर करून सांगितला, तो टेबलाबद्दल खोटं कशाला बोलेल? लोकांनी हिशोब केला तो असा. मिस्त्री जबलपूरवाल्यांना मिळाले असंही कुणी म्हणालं. पार्लरांची कामं सुरू राहिली, स्पर्धांची मात्र थांबली. स्पर्धा आली की बाहेरचा कारागीर येऊ लागला. त्या क्लबाची रोजची देखभाल तेवढी आमच्याकडे राहिली. मिस्त्री कुणाशी भांडले नाहीत. मीच चिडायची.

"तुम्ही लवीचं काहून नाही सांगत त्यांना?" रागात माझ्याही तोंडून काहून निघायचं.

"त्याले काय लव माहीत नाही का? राज्याचा खेळाडू आहे तो. हरला, तोंडून निघून गेलं. आता थुंकलेलं गिळाले जड जाते मानसाले."

असं म्हणायचे खरं, पण नंतर जेव्हा जेव्हा आम्ही त्या क्लबात जात असू, तेव्हा पिशवी खाली ठेवल्यावर ते पहिल्यांदा त्याच मधल्या पॉकेटापाशी पाणसळ लावून बघत. दर वेळी बुडबुडा मधोमध असे. मी एकदा म्हटलं, "अहो, किती वेळा बघाल?" ते म्हणाले, "पाहू दे." पुन्हा मी विचारलं नाही.

हरीशभाई पुढे खेळ सोडून स्पर्धा भरवू लागले. माझ्याशी बोलायचे, मिस्त्रींशी नाही. मिस्त्री समोर आले की छताकडे बघत. चैत्रात आमच्या हुडकेश्वरच्या घरी माणसं जमली तेव्हा ते फाटकापर्यंत आले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले. मी खिडकीतून पाहिलं.

श्रावणात त्या क्लबाचे सेक्रेटरी वझलवार साहेब घरी आले. पोळ्यानंतर राज्य पातळीवरची स्पर्धा क्लबात होणार होती. हरीशभाई प्रमुख. पुण्याची एक कंपनी नवीन टेबल बसवून देणार होती. जुन्या टेबलाचं कापड विरलेलं होतं, ते टेबल खोलून काढून टाकायचं ठरत होतं.

"तुम्हाला आधी सांगावं असं वाटलं, शैलाताई," ते चहाच्या कपाकडे बघत म्हणाले.

मी कपाटावर बोट दाखवलं. तिथे जुन्या नऊवारीत गुंडाळलेला कापडाचा गठ्ठा होता. मिस्त्रींनी त्या टेबलासाठी मागवलेलं कापड, जुन्या पद्धतीचं, दाट लवीचं. ते आलं आणि मिस्त्री अंथरुणाला खिळले. "एक टेबल मी तयार करून देते," मी म्हटलं. वझलवार साहेबांनी कप खाली ठेवला. "हरीशभाईंना विचारावं लागेल."

मीच गेले विचारायला. जरीपटक्याच्या बाजारात त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. त्यांनी मला स्टूल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला.

"भाभी, जिद्द सोडा. आजकाल हे कपडे कोणी लावत नाही."

"नियमात बसतं ना?"

"बसतं."

"मग?"

"एकट्या कशा लावणार?"

"ते माझं मी बघते."

ते बराच वेळ गिऱ्हाइकाला बॅटची मूठ दाखवत राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "ठीक आहे. पण टेबल मी स्वतः तपासणार. माझ्या हाताने. पास झालं नाही तर त्यावर मॅच नाही, आणि मग वझलवार साहेबांनी ते काढलं तर मला बोलायचं नाही."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

दुसरं टोक धरायला मी रामटेकहून माझ्या धाकट्या जावेला, विमलला बोलावलं. रोवणी आटोपली होती, पोळा झाला होता. तिने आयुष्यभर चिखलात वाकून धान लावलं आहे, तिच्या बोटांतून दोरी सुटत नाही. क्लबाच्या हॉलमध्ये शिरल्यावर ती टेबलाभोवती फिरून आली.

"माय, एवढा मोठा पलंग कोनाचा होय?"

"यावर खेळतात गं."

"मोठे मानसं? अन् चपला बाहेर ठेवतेत का?"

आम्ही जुनं कापड काढलं, कडांची रबरी कुशनं उतरवली. हवा पावसाळी होती, म्हणून टेबलाखाली बल्ब लावून लाद्या आणि लाकूड वाळू दिलं. ओल्या हवेत ताणलेलं कापड नंतर सैल पडतं. मी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. एकाही पाचरीला हात लावावा लागला नाही. बल्ब लावायला विमल खाली शिरली होती, तिथून तिचा आवाज आला, "बाई, हे तं मामंजीच्या वखराचं लाकूड होय."

"कशावरून?"

"गोठ्यात तोच तं पडून राहे, मोडका. भाऊजी एकदा करवतीनं कापून घेऊन गेल्ते. सासूबाई किती बोलल्या त्याहिले."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या टेबलाच्या वर होते, खाली कधी शिरले नव्हते. मी वाकून पाहिलं. काळपट, तेल पाजल्यासारख्या पाचरी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड घेतलं. पहिल्यांदा तोंडाकडची कड खिळ्यांनी पक्की करायची, मग समोरून खेचायचं, मग बाजू. विमल तोंडाकडे उभी राहिली, मी खेचणाऱ्याच्या जागी. "निस्तं धराचं," मी तिला म्हटलं. "खेचाचं नाही." ती हसली. म्हणाली, "तुमी त्याहिच्यासारख्या बोलून राहिल्या."

मी खेचलं. मिस्त्रींची ताकद माझ्यात नाही. मी थोडं थोडं खेचत होते, खिळा ठोकत होते, पुन्हा खेचत होते. विमल खांबासारखी उभी होती. दुपारपर्यंत दोन्ही टोकं आणि एक बाजू झाली. कापड ढोलकीसारखं वाजू लागलं. मिस्त्री अशा वेळी गाल टेकवत, म्हणून मीही वाकले आणि गाल टेकवला. मग तोंडाकडे गेले आणि तिथेही टेकवला.

लव उलटी होती.

कारण मला लगेच कळलं. कंपनीकडून गठ्ठा येतो तेव्हा बाहेरचं टोक तोंडाचं असतं, मिस्त्री न बघता ते टोक तोंडाकडे टाकत. पण वैशाखात कसर लागू नये म्हणून मी कापड गच्चीवर पसरून त्याला ऊन दाखवलं होतं आणि परत गुंडाळताना ते उलट्या टोकाकडून गुंडाळलं होतं. लव कुठल्या दिशेने आहे हे आधी तपासायचं काम कधी माझं नव्हतं. मी धरणारी होते.

मी भिंतीशी बसले. विमल पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तिला मांजराच्या पाठीचं सांगितलं.

"मंग रेघ तिकून मारा नं," ती म्हणाली. "काय बिघडते? खेळणाऱ्याहिले सांगाचं, आज इकून खेळा."

मिस्त्रींनी इतवारीत तेच केलं होतं. वझलवार साहेब डोकावायला आले, त्यांनाही ते पटलं. "उद्या सकाळी हरीशभाई येणार आहेत, शैलाताई. एवढं अंगावर ओढून घेऊ नका. खेळाडूंना काही फरक पडणार नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. खेळाडूंना फरक पडला नसता. पण तोंड बदललं असतं तर गुलाबी चेंडूची जागा टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गेली असती. दुसऱ्या लाद्या, दुसऱ्या पाचरी. ज्या लाद्यांवरून हरीशचा चेंडू वाकला होता, त्यांच्यावरून आता तो तसा कधीच गेला नसता. टेबल पास झालं असतं आणि ते तेव्हा झुकलेलं होतं का, हा मिस्त्रींचा प्रश्न तसाच राहिला असता. पाणसळ घेऊन दर वेळी त्या पॉकेटाशी वाकणारी त्यांची पाठ मी पाहिलेली आहे.

"पॉकेटांपाशी अजून कात्री लावलेली नाही," मी म्हटलं. "कापड वाया गेलेलं नाही. विमल, पकड दे."

"सगळे खिळे काढाचे?"

"सगळे."

तिने पदर खोचला. "रोवा उपटून पुन्हा लावाले लागला का असंच वाटते," ती म्हणाली आणि दुसरी पकड घेऊन समोरून सुरुवात केली. कोट खुर्चीला अडकवून वझलवार साहेब काढलेले खिळे वाटीत गोळा करू लागले. सेक्रेटरी झाल्यापासून त्यांनी टेबलाखाली वाकण्याची ती पहिलीच वेळ असावी. कमरेवर हात ठेवत ते एवढंच म्हणाले, "मिस्त्री हे रोज करायचे?"

कापड फिरवलं. या वेळी मी आधी दोन्ही टोकांना गाल टेकवला, मग खिळा ठोकला. दुसऱ्यांदा खेचताना माझे हात दमलेले होते, पण आता ते काम ओळखत होते. दिवस मावळायच्या आत चारी बाजू झाल्या, पॉकेटं कापली, कुशनं चढवली. खडूने रेघ आणि अर्धवर्तुळ काढलं. ब्रश मारला, गरम इस्त्री फिरवली. विमल टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होती. "बाई, रोवणी झालेल्या बांधीसारखं दिसते," ती म्हणाली.

सकाळी हरीशभाई आले. चष्मा लावलेला, हातात तीच जुनी क्यूची पेटी. त्यांनी मला नमस्कार केला, विमलला केला. मग टेबलाला एक फेरी मारून ते गुडघ्यांवर हात देत खाली वाकले आणि टेबलाखाली बघितलं.

"पाचरी तेव्हाच्याच?"

"तेव्हाच्याच. मी हात लावलेला नाही."

"लाद्या?"

"त्याही."

त्यांनी माझ्या हातातून पाणसळ घेतली आणि स्वतः ठेवली. आधी तोंडाकडे, मग मध्ये, मग काळ्याकडे. शेवटी मधल्या पॉकेटापाशी, तिथे, जिथे मिस्त्री ठेवत. चष्मा वर करून ते बराच वेळ बुडबुड्याकडे बघत राहिले. तेव्हा जे बघायला ते थांबले नव्हते, ते त्यांनी आता पाहिलं.

मग पेटी उघडून क्यू जोडला. गुलाबी चेंडू ठेवला, पांढरा ठेवला. जागा शोधायला त्यांना वेळ लागला नाही. वझलवार साहेबही पाहायला आले होते. मी काळ्याच्या टोकाला उभी होते, खेचणाऱ्याच्या जागेवर.

हरीशभाई वाकले आणि त्यांनी गुलाबी सोडला. तितकाच हळू.

चेंडू पॉकेटाकडे निघाला. सरळ गेला, सरळच गेला, आणि शेवटच्या वीतभर अंतरात दमून माझ्या बाजूला किंचित वाकला. कडेला लागला आणि थांबला.

ते उभे राहिले. पंच नव्हते, गुण मोजणारं कुणी नव्हतं. त्यांनी क्यू डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला. माझ्याकडे बघत तो तसाच थोडा वेळ वर ठेवला.

"वझलवार साहेब," हात खाली घेत ते म्हणाले, "फायनल या टेबलावर होईल."

ते क्यू पेटीत ठेवायला वळले तेव्हा विमल माझ्या कानाशी आली. "काहून जी बाई, चेंडू तं भोकात गेलाच नाही. मंग पास कसं झालं?"

"नाही गेला म्हणूनच," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. मी ब्रश उचलला. चेंडूची पुसटशी वाट कापडावर उमटली होती. मी टेबलाच्या तोंडाशी गेले आणि तिथून काळ्याकडे, लवीच्या दिशेने, कापड साफ करायला सुरुवात केली.